मला भरलेली कुणी तपासलंच नाही

तुम्ही वाकलात, पण पुढच्या बाजूने वाकलात. मागे कुणी गेलंच नाही. बॉनेटवर हात ठेवलात, पुढची चाकं हलवून पाहिलीत, जिभेने ‘च्च’ केलंत आणि फडक्याला हात पुसत एका भल्या माणसाला म्हणालात, “गाडीत काही नाही हो. वय झालं की होतं असं.” वय कुणाचं, तेवढं मात्र बोलला नाहीत. बोलायची गरजही नव्हती. ऐकणारा त्या दिवसापासून स्वतःच्या हातांकडे बघायला लागला.

तुमचं नाव मी घेणार नाही. तुम्ही एकटे नव्हतात, आणि तुमच्यातला एकही जण वाईट नव्हता. म्हणून तर मला राग जास्त येतो.

मी एक पिकअप बोलतेय. पांढरी होते, आता सायीसारखी पिवळट झालेय. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, आणि मन मोकळं करायला फक्त एक हॉर्न. त्यातून एकच शब्द निघतो आणि तो ऐकून लोक हमखास चिडतात. आज मला पूर्ण वाक्यं बोलायची आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी सांगाडा, मग चाकं, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी तोंड. माणसांचं बहुधा उलट असावं, त्यांचं तोंड आधी सुरू होतं.

पहिली तीन वर्षं मी एका गादीवाल्याकडे काढली. कापसाच्या गाद्या डोंगराएवढ्या रचायच्या, पण वजन म्हणाल तर काहीच नाही. श्रीमंताघरच्या सुनेसारखी मी तिथे नुसती मिरवले. भार म्हणजे काय, ते मला कळलं बाबांकडे आल्यावर.

बाबा काचवाले. खिडक्यांच्या काचा कापतात, आरसे बसवतात, दुकानांच्या दर्शनी भागात माणसाहून उंच काचा उभ्या करतात. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. ते मला ‘बये’ म्हणतात. “चल बये, घाई नाही,” असं म्हणून किल्ली फिरवायची, हा रोजचा मुहूर्त. आणि खरंच घाई नसायची. रस्त्यावर उंचवटा आला की ते मला त्याच्यावरून असं चढवून उतरवायचे की हौद्यातल्या काचेला कळूही नये. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. बाबा आरशात बघून म्हणायचे, “जा बाबांनो, तुमच्याकडे फुटण्यासारखं काही नाही.”

काच आडवी ठेवत नाहीत, तिरपी उभी करतात. त्यासाठी बाबांनी स्वतःच्या हाताने सागाची एक घोडी बनवली आणि माझ्या हौद्यात डाव्या बाजूला पक्की ठोकली. डाव्या बाजूला का, तर फुटपाथ डावीकडे येतो. काच उतरवायची ती सरळ फुटपाथवर, रस्त्याच्या बाजूला पायसुद्धा टाकायला नको. विचार चांगला होता. उजव्या बाजूला उरली फक्त अवजारांची पेटी आणि काचा चिकटवायच्या लांबीचा डबा. अशी अकरा वर्षं माझी डावी कूस भरलेली आणि उजवी रिकामी राहिली. मी कुरकुरले नाही. कुरकुरले असेन तर मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे भाराखाली कुरकुरतात तेवढंच, आणि ते कोण मनावर घेतं!

आता दुखण्याकडे येते.

दीड वर्षापूर्वी एका सरळ रस्त्यावर, भरलेल्या अवस्थेत, मी आपोआप उजवीकडे सरकले. थोडीशीच, वीतभर. बाबांनी स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे धरलं आणि मला सरळ केलं. पुढच्या चौकात ब्रेक लागला, आणि पुन्हा तेच झालं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला, हे लक्षात घ्या.

“काय गं बये, कुणीकडे निघालीस?” बाबांनी विचारलं. मला सांगता आलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं की दुखणं पुढे नाही, मागे आहे.

बाबांनी हयगय केली नाही. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडे न्यायचं ठरलं. पण नेण्याआधी त्यांनी काय केलं? सगळ्या काचा उतरवून घराच्या भिंतीला लावल्या, हौदा झाडला, मला चाकापासून टपापर्यंत धुतलं, केबिनच्या काचा कागदाने पुसल्या. आई दारातून ओरडल्या, “अहो, गाडी दाखवायला नेताय की मुलगी?”

“भरलेली, मळकी गाडी मिस्त्रीपुढे उभी करायची? त्याला किंमत आहे का नाही?” बाबा म्हणाले.

ही त्यांची रीत. दुसऱ्याच्या कामाचा मान ठेवणं. आणि मिस्त्रीलाही ते सोयीचं, कारण काच भरलेल्या गाडीखाली शिरायला कोण तयार होतो? पण झालं असं, की भार उतरला की माझं दुखणंही उतरायचं. रिकामी, न्हालेली मी मिस्त्रीपुढे इतकी सरळ चालले, की मला माझीच लाज वाटली. दाढ दुखते म्हणून रडत आलेलं पोर दवाखान्याच्या दारात गप्प होतं ना, तसं.

मिस्त्रीने टाय रॉडची टोकं बदलली. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवतात ते दांडे. जुनी झिजली होतीच, त्यामुळे त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. आठ दिवस बरं वाटलं. नव्या औषधाचं तुम्हालाही वाटतं तसं. मग मोठी ऑर्डर चढली आणि मी पुन्हा उजवीकडे.

मग अलाइनमेंटवाला. त्याच्याकडे पडद्याचं यंत्र होतं. त्याने माझी पुढची चाकं केसाच्या अंतराने जुळवली आणि हिरव्या आकड्यांचा एक कागद बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो मुलीच्या प्रगतिपुस्तकासारखा घडी करून कप्प्यात ठेवला. दहा दिवसांनी तो कागद कप्प्यातच होता आणि मी उजवीकडे.

तिसऱ्याने टायर अदलाबदल केले. चौथ्याने स्टिअरिंगची पेटी उघडून पुन्हा भरली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. इथे टायरवाल्याला टायर दिसला, यंत्रवाल्याला आकडा दिसला. ओढ लागते कधी, किती मालावर, ब्रेक मारल्यावर की आधी, हे चार प्रश्न एकालाही सुचू नयेत? मला नाही पटत. पाचवा तर इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. तो मला रिकामीच एका फेरीवर नेऊन आला आणि ते वाक्य बोलला. वय झालं की होतं असं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते घडलं. एका केशकर्तनालयाचा मोठा आरसा घोडीवर होता. समोरून बस येत होती. मध्ये कुत्रं आलं, बाबांनी ब्रेक मारला आणि मी सरळ बसच्या अंगावर जायला निघाले. बाबांनी मला कशी ओढून घेतली, ते त्यांचे हात जाणोत. बस एका हातावरून निघून गेली. कुत्रं वाचलं, माणसं वाचली. आरसा मात्र मागे कण्हल्यासारखा आवाज करून खाली बसला. बसच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली आणि म्हणाला, “काका, आता घरी बसा!”

बाबा खाली उतरले. काचांचे तुकडे स्वतः वेचले. एरवी ते काच वेचताना गुणगुणतात. त्या दिवशी नाही.

गोष्ट घरी पोहोचायला वेळ लागला नाही. लेक फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे खांदे, गुडघे, मनगटं हाताळते. तिने संध्याकाळी माझ्याच हौद्याच्या उघडलेल्या फाळक्यावर बाबांना बसवलं आणि तपासायला घेतलं.

“बाबा, माझी बोटं दाबा. जोरात.”

“ओरडशील.”

“ओरडू द्या. दाबा.”

बाबांनी दाबली.

“एवढंच?”

“एवढंच.”

मी त्यांचे हात ओळखते. एवढंच नव्हतं. पण लेकीची बोटं कुठला बाप जोरात दाबेल? हे तिला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं, आणि त्यांना सांगता येत नव्हतं. तिने गंभीर चेहऱ्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी एक रबरी चेंडू आणून दिला. सकाळी पन्नास वेळा दाबायचा, संध्याकाळी पन्नास. बाबा माझ्या केबिनमध्ये बसून तो दाबायचे. दाबताना तोंडाने आकडे मोजायचे आणि मधेच विसरले की पुन्हा एकपासून सुरू करायचे.

महिनाभराने घरात ठरलं. ठरलं म्हणजे आई रडल्या, लेक समजावत राहिली आणि बाबा “बरं” म्हणाले. वाचनालयाच्या अठरा खिडक्यांचं काम हातात होतं. तेवढं पोहोचवायचं आणि मग स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मला एका वीटवाल्याने मागितलं होतं. तो बघायला येणार होता.

“आणि त्या दिवशीही तुम्ही चालवायची नाही,” लेक म्हणाली. “मी चालवीन. तुम्ही नुसते शेजारी बसा.”

“काच आहे पोरी.”

“मला तुम्हीच शिकवलंय ना?”

शिकवलं होतं खरं, पण नेहमी रिकाम्या गाडीवर. भरलेली मी तिच्या हातात कधीच पडले नव्हते.

सकाळचे दहा वाजले असतील. घोडीवर अठरा काचा, दोऱ्या आवळलेल्या, मध्ये जुन्या गोधड्यांच्या पट्ट्या. लेकीने आरसे नीट केले, सीट पुढे ओढली. बाबा डाव्या बाजूला बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परक्याच्या गाडीत बसतात तसे. निघताना “चल बये” कुणीच म्हणालं नाही.

गल्ली संपून सरळ रस्ता लागला. पहिल्या चौकात तिने ब्रेक मारला, मग गाडी पुढे काढली. मी उजवीकडे गेले.

“अगं बाई!” ती दचकली आणि मला कसंबसं परत आणलं. “बाबा, ही ओढतेय.”

“हं.”

“हं काय? उजवीकडे ओढतेय! मी सरळ धरलंय, बघा!”

“दीड वर्ष तेच सांगतोय गं मी.”

तिने मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. काहीतरी बोलायला बाबांकडे वळली आणि तिची नजर त्यांच्या गुडघ्यांवर गेली. त्यांचे दोन्ही पंजे किंचित डावीकडे वळलेले होते, बोटं आत दुमडलेली. समोर स्टिअरिंग नसतानाही ते मला सरळ धरून बसले होते.

तिने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, “आणि मी तुम्हाला चेंडू दिला दाबायला!”

“चेंडू चांगला आहे,” बाबा म्हणाले. “वेळ जातो.”

तिला हसू आणि रडू एकदम आलं. तिने नाक पुसलं आणि किल्ली फिरवली. “चला. आत्ताच्या आत्ता मिस्त्रीकडे. अशीच, भरलेली.”

“भरलेली गाडी? काहीतरीच काय! आधी माल उतरवू, एक बादली पाणी मारू...”

“बाबा, ताप असताना दाखवायचं असतं, उतरल्यावर नाही!”

मी आयुष्यात इतकं शहाणं वाक्य ऐकलं नव्हतं. आनंदाने हॉर्न वाजवावासा वाटला.

मिस्त्रीने काचा बघितल्या आणि लांबूनच हात जोडले. “उतरवून आणा ताई. काही तडकलं तर माझ्या माथी नको.” तिने हुज्जत घालून पाहिली, तो ऐकेना. तिने रागारागाने मला बाहेर काढलं.

गॅरेजसमोर पंक्चरवाल्याची टपरी आहे. हा माणूस उलट्या बादलीवर बसतो आणि जग त्याला चाकांच्या उंचीवरून दिसतं. ट्यूब बुडवायच्या पाटीतलं काळं पाणी त्याने नुकतंच रस्त्यावर ओतलं होतं. मी त्यातून गेले आणि पुढे कोरड्या डांबरावर आले.

“ओ ताई! थांबा, थांबा. उतरा आणि मागे बघा.”

लेक उतरली. बाबाही उतरले. रस्त्यावर माझ्या चाकांचे ओले पट्टे उमटले होते. सरळ चालणाऱ्या गाडीचे दोन दिसतात, कारण मागची चाकं पुढच्यांच्या वाटेनेच येतात. माझे चार होते. मागची जोडी पुढच्या जोडीच्या डावीकडून गेली होती, चांगली चार बोटं.

“खेकडा झालाय तुमच्या गाडीचा,” पंक्चरवाला म्हणाला. “तोंड एकीकडे, ढुंगण एकीकडे. माफ करा हं ताई.”

“माफ कशाला, पुढे बोला!”

तो बोलला नाही, आडवा झाला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मागून माझ्याखाली शिरला. डाव्या चाकाशी त्याने लोखंडी पट्टीने टकटक केली, मग बोट घातलं, आणि बाहेर येऊन हाताचा तळवा उघडला. त्यात बोल्टचा तुकडा होता. तुटलेल्या जागी गंज चढलेला, म्हणजे तुटून बरेच दिवस झालेला.

“हा डाव्या पाट्याच्या मधला बोल्ट. पाट्याची चळत आणि मागचा एक्सल एका जागी धरून ठेवतो. तो गेला. वरच्या पकडीही सैल झाल्यात. माल चढला की पाटा दबून सपाट होतो आणि एक्सलची डावी बाजू मागे सरकते. मागची चाकं डावीकडे बघायला लागली की गाडीचं तोंड उजवीकडे जातं. माल उतरला की सगळं जागच्या जागी.”

“म्हणून मिस्त्रीकडे कधी दिसलंच नाही,” लेक हळूच म्हणाली.

“रिकामी नेत होता? मग काय दिसणार कपाळ?”

बाबा बोल्टचा तुकडा उलटसुलट करून बघत होते. मग त्यांनी हौद्यात डावीकडे ठोकलेल्या घोडीकडे पाहिलं. “म्हणजे हे मीच केलं,” ते म्हणाले. “सगळा भार एकाच कुशीवर. मला वाटायचं, सोय बघतोय.” आणि त्यांनी माझ्या फाळक्यावर हात ठेवला. त्या हातात कंप नव्हता. मी शपथेवर सांगते.

काचा उतरवल्या, टपरीच्या भिंतीला एकेक करून उभ्या केल्या. दोन दुकानं सोडून एक पाटेवाला होता. पंक्चरवाल्याने त्याला हाक मारली. तो आला, पान्हे मांडले, खाली गेला आणि तासभर एक अक्षर बोलला नाही.

आज माझी घोडी हौद्याच्या मधोमध आहे. काचा दोन्ही अंगांना सारख्या रेलतात. वीटवाला आला होता, चहा पिऊन गेला. मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे: ज्याला दुखतंय त्याला दुखत असताना बघा. त्याला धुऊनपुसून, रिकामं करून, शहाण्यासारखं उभं करू नका. आणि दोष सापडला नाही म्हणून तो शेजारच्या माणसावर ढकलू नका. ज्याला तोंड नाही त्याचं एक वेळ सोडा, पण ज्याला आहे तो दीड वर्ष सांगत होता.

एवढं बोलून मी थांबले असते. पण त्या दिवशीचं शेवटचं अजून सांगायचं आहे, कारण तेव्हा मी जितकी घाबरले तितकी बससमोरही घाबरले नव्हते.

नवा बोल्ट बसला, पकडी आवळल्या, अठरा काचा पुन्हा चढल्या. लेकीने किल्ली बाबांच्या हातात दिली.  बाबा चढले. “चल बये,” ते म्हणाले, पण आवाज बसलेला होता. मी निघाले. बाणासारखी सरळ निघाले असते. पण बाबांनी मला डावीकडे नेलं. वीतभर, मग आणखी वीतभर, आणि माझं पुढचं चाक फुटपाथच्या दगडाला घासलं.

गाडी थांबली. लेक टपरीपाशी उभी होती, तिचा चेहरा उतरला. पंक्चरवाला पाटीत बघायला लागला. बाबांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मला कळलं ते काय विचार करत होते. म्हणजे ते लोक बरोबरच होते तर.

पाटेवाला पान्हे गोळा करत होता. त्याने मान वर केली, पुढचं चाक पाहिलं, खिडकीतून बाबांचे डावीकडे वळलेले पंजे पाहिले, आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, “घाबरू नका काका. बोल्ट तासाभरात बसतो, हातांना आठ-पंधरा दिवस लागतात. दीड वर्ष बिचारे गाडी सांभाळत होते. ती बरी झाली, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.”